मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

६ जानेवारी

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

पुढचं वाचण्याआधी शिलाई मशीनवरचा पाय काढा आणि नीट बसा. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते.

मी गाडी चालवायला शिकतेय.

आमच्या दवाखान्याचे जीपवाले काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी माणूस मिळणार नाही असं वरून कळवलंय. जीप आहे, चालवणारा नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, एप्रिलपर्यंत तुम्ही स्वतः चालवायला लागलात तर ठीक. नाहीतर शहरातल्या प्रयोगशाळेत बदली करतो. तिथे आरामात बसून शेणाचे नमुने तपासा." उपकार केल्यासारखा चेहरा होता त्यांचा. ताई, मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायला जनावरांची डॉक्टर झाले नाही. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासराचा पाय हाताला लागतो ना, त्यासाठी झाले. तुमचा भाऊ गेल्यावर मला या गावानं आणि या कामानं उभं ठेवलंय. ते मी सोडणार नाही.

अपघातानंतर तुम्ही म्हणाला होतात, "आता आपल्या घरातलं कुणी स्टिअरिंगला हात लावणार नाही," आणि मी मान हलवली होती. ती मान मी आज परत घेतेय.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी तो चालवत होता आणि मी शेजारी होते. समोरून ट्रक आला तेव्हा मी उजवा पाय जीव खाऊन खाली दाबला. माझ्या पायाखाली नुसती चटई होती. तीन वर्षं झाली, अजून कुणाच्याही शेजारी बसले की तो पाय आपोआप दाबला जातो, अगदी बसमध्येसुद्धा. संध्याकाळी पोटरी ठणकते. मला आता अशा जागी बसायचंय, जिथे पायाखाली खरा ब्रेक असेल.

शिकवणारे मास्तर गावात एकच आहेत. त्यांच्याकडे शिकायला गेलेला माणूस पास होईपर्यंत आजोबा होतो असं लोक म्हणतात. परीक्षेचं नाव काढलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "अजून थोडं." मी पहिल्याच दिवशी सांगितलं, माझ्याकडे एप्रिलपर्यंतच वेळ आहे. ते म्हणाले, "बघू." मी म्हणाले, बघायला मी आलेलीच नाही.

रागवा, पण उत्तर लिहा.

तुमची,
डॉक्टरीण


१४ जानेवारी

डॉक्टरीणबाईंना अनेक आशीर्वाद. सवयीनं लिहिलेत, मनापासून दिलेले नाहीत.

तुझं पत्र वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मग उसवत बसले. उसवता उसवता रडूनही घेतलं, म्हणजे वेळ वाया गेला नाही.

मला एकच भाऊ होता. त्याच्यामागे त्याची बायकोही त्याच वाटेनं जावी एवढं माझं काळीज मोठं नाही. तुला चार खरमरीत पानं लिहायची होती. पण तुझ्या पायाचं वाचलं आणि पुढे भांडता येईना. इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस? पोटरीला गरम पाण्याचा शेक दे. डॉक्टर माणसं स्वतःचं दुखणं अंगावर काढतात, त्यात तू तर गुरांची.

तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून शिक म्हणते. मास्तर म्हातारे आहेत, हे त्यातल्या त्यात बरं. माणूस पासष्टीच्या घरातला दिसतो. "अजून थोडं" हे त्याच वयात सुचतं, तरण्यांना घाई असते. फक्त एक आहे. थंडीत म्हाताऱ्यांना खोकला होतो, आणि उबळ आली की रस्त्यावर लक्ष राहत नाही. त्यांच्यासाठी अस्तराचं जाकीट शिवून पाठवते. खांदा, छाती, कंबर आणि उंची कळव. पाठीत किती वाकलेत तेही लिही, त्याप्रमाणे मागची बाजू लांब ठेवते.

तुझी ताई


२९ जानेवारी

प्रिय ताई,
सवयीचे आशीर्वादही ठेवून घेतलेत.

शेक देते. पोटरी पूर्वीपेक्षा बरी आहे, पण गुण शेकाचा की मास्तरांच्या शिकवण्याचा, सांगता येत नाही.

बंद गिरणीच्या मैदानात आमची शिकवणी चालते. सुरुवातीला त्यांनी इंजिन चालूच करू दिलं नाही. नुसतं बसवलं आणि म्हणाले, "ब्रेक दाबा. सोडा. परत दाबा. हा तुमचा आहे. इथेच असतो, कुठे जात नाही." मला रडू फुटलं. दुसरं कुणी असतं तर समजूत घातली असती, पाणी आणायला धावलं असतं. मास्तर खिडकीबाहेर गिरणीकडे बघत बसले. माझं आटपल्यावर म्हणाले, "परत दाबा." ताई, तीन वर्षांत माझ्याशी इतकं बरं कुणी वागलेलं नाही.

त्यांच्या गाडीला त्यांच्या बाजूलाही ब्रेकचं एक पेडल आहे. शिकाऊ माणूस गोंधळला तर मास्तर तिकडून गाडी थांबवू शकतात. मला अजून त्या पेडलची गरज पडलेली नाही. कुठेही थांबायला सांगा, गाडी हळूच, जागच्या जागी थांबते. मला स्वतःचं कौतुक वाटतं.

"अजून थोडं"चं कारणही कळलं. त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याकडेच शिकला. पहिल्या फटक्यात पास झाला, आणि महिन्याच्या आत एका वळणावर गेला. "मी त्याला लवकर सोडलं," एवढंच म्हणाले. मी समजूत घालायला गेले नाही. लोक मलाही सांगतात की वेळ हेच औषध. मी रोज औषधं देते. असं म्हणणाऱ्यांनी आजार बघितलेला नसतो.

आता मापं. शिंप्याची टेप जवळ नव्हती, म्हणून गुरांच्या छातीचा घेर मोजायची टेप घेतली. तिच्यावर घेरासमोर वजनही छापलेलं असतं. त्यानुसार मास्तर वर्षाच्या कालवडीएवढे भरले. हे ऐकून ते हसले, आणि त्यांना हसताना बघायला समोरचा चहावाला गिऱ्हाईक सोडून आला. खांदा साडेअठरा इंच, छाती बेचाळीस, कंबर चौतीस, उंची पाच फूट अकरा. पाठीत वाकलेले नाहीत.

तुमची,
डॉक्टरीण


५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

छाती बेचाळीस आणि कंबर चौतीस. पासष्टीला हे गणित बरोब्बर उलटं होतं. साडेअठराचा खांदा, आणि तोही न उतरलेला. माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत. आयुष्यभर माणसं मापतेय. माणूस वय लपवू शकतो, टेप नाही.

चाळिशीच्या आसपासचा असणार. मागच्या पत्रातच तुला लिहिता आलं असतं, "ताई, ते म्हातारे नाहीत." तू लिहिलं नाहीस. माझी चूक तशीच राहू दिलीस, आणि वर मापं पाठवलीस. माणूस साधा मास्तर असता तर तू मला चिडवून चिडवून हैराण केलं असतंस. पाणी कुठे मुरतंय ते मला कळतं.

माझ्या भावाची बायको परक्या माणसाच्या छातीला टेप लावते आणि मला आनंदानं कळवते. मी काय करावं असं तुझं म्हणणं आहे?

जाकीट शिवलंय. कापड आणलेलं होतं, म्हणून. सोबत पाठवतेय.

ताई


१० मार्च

प्रिय ताई,

महिनाभर लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं. आता मात्र सगळं एकदमच सांगते.

हो, मास्तर चाळिशीतले आहेत. तुमची चूक दुरुस्त केली नाही, कारण ती दुरुस्त करायला बसले असते तर बाकीचंही लिहावं लागलं असतं, आणि ते मी तोवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मला हा माणूस आवडतो. सकाळी उठल्यावर पहिला विचार अपघाताचा न येता शिकवणीचा येतो, इतका आवडतो. तुमचं जाकीट त्यांना असं बसलंय की चहावाल्यानं शिंप्याचा पत्ता मागितला.

आणि याच माणसानं मला फसवलंय.

गेल्या आठवड्यात रस्त्यावर कुत्रं आडवं आलं. गाडी थांबली. मास्तर म्हणाले, "छान." पण ताई, माझा पाय अजून वाटेतच होता. ब्रेकला टेकलाही नव्हता. जनावर दचकल्यावर कुठला स्नायू कधी हलतो ते बघण्यात माझं आयुष्य चाललंय, मला माझा पाय कळणार नाही का? दुसऱ्या दिवशी मैदानात मास्तर म्हणाले, "त्या दगडाशी थांबा." मी उजवा पाय उचलला आणि सरळ सीटवर दुमडून घेतला. गाडी त्या दगडाशी थांबली. हळूच, जागच्या जागी, जशी रोज थांबायची तशी.

मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. बूट त्यांच्या बाजूच्या पेडलवर होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, "मला माहीतच नव्हतं. पाय आपोआप जातो." ते खरं बोलत होते, म्हणून तर मला जास्त राग आला. म्हणजे दोन महिने मी एकदाही गाडी थांबवलेली नाही. मी परत शेजारच्याच सीटवर होते, फक्त स्टिअरिंग हातात देऊन बसवलेली. गाडीतून उतरले आणि चालत घरी आले.

परीक्षा दोन एप्रिलला आहे. ते आता म्हणतात की मे महिन्यात द्या. मे महिन्यात मी शेणाचे नमुने तपासत असेन. मी दोन तारखेलाच देणार. कशी, ते अजून माहीत नाही.

तुमची,
डॉक्टरीण


१६ मार्च

मास्तर यांस,

नमस्कार. आपली ओळख नाही, पण तुमच्या खांद्याचं माप मला पाठ आहे. तुमच्याकडे शिकणाऱ्या डॉक्टरची मी नणंद. तिचा नवरा माझा धाकटा भाऊ होता. हे पत्र मी तिला न सांगता लिहितेय.

तुमच्या भावाचं ऐकलं. पहिल्या दिवसापासून लोकांनी तुम्हाला काय काय सांगितलं असेल ते मला तोंडपाठ आहे, म्हणून त्यातलं काही लिहीत नाही. सरळ बोलते. तुमचा पाय दाबला जातो तो माझ्या भावजयीसाठी नाही, तुमच्या भावासाठी. आणि तुमचा भाऊ आता कुठल्याच गाडीत नाही. माझाही नाही. आपण दोघांनी कितीही ब्रेक दाबले तरी ती दोन माणसं थांबायची नाहीत.

ही मात्र आहे. हट्टी आहे, खोचक बोलते, पण आहे. तिला शहरात टेबलाशी बसवलंत तर ती सुखरूप राहील आणि कोमेजेल. मी तिला तीन वर्षं सुखरूप ठेवायचा प्रयत्न केला. फक्त तिची पोटरी दुखायला लागली.

तिच्यावर तुमचा जीव आहे, हे तुमचा पाय बघूनच कळतं. मला ते आवडलंय असं समजू नका. पण जीव असेल तर पाय काढा. मैदानात काढा, जिथे चुकली तर फार तर दगडाला धडकेल. रस्त्यावर तुम्ही शेजारी नसाल त्या दिवशी तिला स्वतःचा पाय ओळखीचा हवा.

एका शिंपिणीचं ऐका. कपडा अंगावर घालून बघितल्याशिवाय बसलाय की नाही ते कळत नाही.

तिची ताई


२४ मार्च

आदरणीय ताईंना नमस्कार.

मला पत्र लिहिण्याची सवय नाही. पाठ्यपुस्तकातल्यासारखं वाटलं तर समजून घ्या.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी गॅरेजात गेलो आणि माझ्या बाजूचं पेडल काढून घेतलं. मेकॅनिक म्हणाला, आता ही शिकवणीची गाडी राहिली नाही. मी म्हटलं, रस्त्यावर नेत नाही, मैदानापुरती. दोन तारखेनंतर परत बसव.

मग डॉक्टरांच्या दारात गेलो. पेडल पिशवीत होतं, ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "उद्या सात वाजता." आत या म्हणाल्या नाहीत.

पहिल्या दिवशी मी शेजारी बसलो. त्यांनी गाडी गिरणीच्या भिंतीकडे नेली. माझा पाय रिकाम्या जागेवर दाबला जात होता. त्यांना ते दिसलं. त्यांनी गाडी थांबवली, भिंतीपासून बऱ्याच अंतरावर, पण फार जोरात. माझं डोकं काचेला लागलं. टेंगूळ आलं. त्या हसल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, "हा माझा होता." मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी गाडीतून उतरलो आणि मैदानाच्या कडेला उभा राहिलो. त्या एकट्या फिरल्या. माझ्या भावानंतर कुणाला गाडीत एकटं जाताना मी पहिल्यांदा बघितलं. मला उलटी झाली, ती मी गिरणीमागे जाऊन केली. त्यांना सांगू नका. आता रोज उभा राहतो. रोज थोडं सोपं जातं. शिकाऊ मीही आहे.

तुम्ही जिवाबद्दल लिहिलंत ते खरं आहे. त्यांना मी अजून बोललेलो नाही. आधी पेडल काढणं भाग होतं.

जाकिटाबद्दल आभारी आहे.

आपला,
मास्तर


९ एप्रिल

प्रिय ताई,

पास झाले. लायसन्स हातात आलं, जीप माझ्या ताब्यात आली आणि बदलीचा कागद साहेबांनी माझ्यासमोर फाडला.

परवा दुपारी टेकडीपलीकडच्या वस्तीवरून फोन आला. पहिलटकर गाय अडली होती. मी एकटी निघाले. मास्तर चौकात दिसले. त्यांना कळलं होतं. "सावकाश" म्हणतील असं वाटलं. नुसता हात वर केला आणि वळून चहाच्या दुकानाकडे गेले.

घाटाच्या अरुंद वळणावर समोरून ट्रक आला. ताई, तेव्हा मला सगळं दिसलं, तो दिवस, ती काच, त्याचे हात. आणि मी ब्रेक दाबला. जीप थांबली. ट्रकवाल्यानं हात केला आणि माझ्या बाजूनं निघून गेला. पाय ब्रेकवर आहे ना, ते मी खाली वाकून बघितलं. मग गिअर टाकला, कारण गाय वाट बघत होती. वासराचा पुढचा पाय मागे दुमडला होता. सरळ करायला फार वेळ लागला, पण जिवंत बाहेर काढलं. कालवड आहे.

परत येताना गिरणीच्या मैदानात वळले. मास्तर एका आजोबांना शिकवत होते. मी जीपमधून उतरले नाही, उतरले असते तर धीर गेला असता. खिडकीतूनच विचारलं, "माझ्याशी लग्न करता का?" मास्तर म्हणाले, "आधी इंजिन बंद करा." मी बंद केलं. मग म्हणाले, "हो." आजोबा म्हणाले, आजची शिकवणी मग उद्या धरा.

तुमच्या भावाचा फोटो माझ्या खोलीत आहे तिथेच राहील. हे मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनीच मला सांगितलं.

आता तुमचं. मी परवानगी मागत नाही. मला तुम्ही हव्या आहात. त्याच्यानंतर माझ्याकडे उरलेलं घर म्हणजे तुम्ही, आणि या लग्नापायी ते गेलं तर माझ्या आनंदाला कायमचं भोक पडेल. कचेरीत नोटीस दिलीय, तिचा महिना संपला की बारा मेला सह्या करायच्या आहेत. तीन साक्षीदार लागतात. एक सही मास्तरांची आई करतील, एक चहावाला. तिसरी जागा रिकामी आहे. तुम्ही आला नाहीत तर तिथे दुसऱ्या कुणाची सही घेणं फार जड जाईल. पण लग्न होईल.

तुमची,
डॉक्टरीण


२१ एप्रिल

लाडक्या डॉक्टरीणबाईंना अनेक आशीर्वाद. हे मनापासूनचे आहेत.

उत्तराला उशीर झाला. दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात शिव्या होत्या, दुसऱ्यात उपदेश. मग भावाच्या फोटोसमोर बसले आणि त्यालाच विचारलं. तो काही बोलला नाही. जिवंतपणीही अवघड निर्णय माझ्यावरच ढकलायचा.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? तू कुणाच्या तरी शेजारी उभी राहून सही करणार आणि तो कुणीतरी माझा भाऊ नसणार. ते वाईट माझं मला वाटून घेऊ दे, तू त्याचं ओझं घेऊ नकोस. पण त्या ट्रकचं वाचून मी दुकान बंद केलं आणि मोठ्यानं हुंदके देऊन रडले. तू थांबवलीस गं. तुझी तू थांबवलीस.

आता माझंही एक ऐक. तो गेल्यापासून मी गाडीत पाऊल ठेवलेलं नाही. कुणाला सांगितलं नाही. आगगाडीनं येते आणि स्टेशनवरून चालत जाते. लोकांना वाटतं, बाईला व्यायामाचा नाद आहे. तुला स्टिअरिंगला हात लावू नकोस म्हणाले, ते तुझ्या काळजीपोटी असं मीही समजत होते. मला भीती वाटत होती, एवढंच खरं.

दहा मेला सकाळच्या आगगाडीनं येते. स्टेशनवर मास्तरांना पाठवू नकोस, त्यांची माझी भेट घरी होईल. तू ये. एकटी ये, आणि गाडी घेऊन ये. मी पुढे बसेन, तुझ्या शेजारी. वाटेत मी डोळे मिटून घेतले तर माझ्याकडे बघू नकोस. रस्त्याकडे बघ.

तुझी ताई